दुसरी रेघ

१

मुलाचं मंत्रिपद गेल्याची बातमी मोठ्या बाईंना कळली तेव्हा त्यांचा अर्धा चहा व्हायचा होता. उरलेला अर्धा त्यांनी संपवला. बातमी आणणारा स्वीय सहायक समोर घामाघूम होऊन उभा होता, हातातला मोबाईल पुढे करत होता. पण कुणी घाबरलं म्हणून आपण चहा गार करायचा, असल्या रीतीच्या मोठ्या बाई नव्हत्या.

"आता बोला," कप खाली ठेवून त्या म्हणाल्या. "सावकाश. आणि तो डबा माझ्या नाकासमोरून काढा."

"बाई, काल संध्याकाळच्या टपालातून मुख्यमंत्र्यांकडे साहेबांचा राजीनामा गेलाय. साहेबांच्या लेटरहेडवर, साहेबांच्या सहीनं. आज सकाळी त्याचा फोटो गावभर फिरतोय. बाहेर गेटवर पत्रकार जमलेत."

"राजीनामा? कुणाचा?"

"आपल्या साहेबांचा, बाई. बांधकाम मंत्रिपदाचा."

मोठ्या बाई तिसरीपर्यंत शिकलेल्या. छापलेलं वाचायचं तर अक्षराला अक्षर जोडत बसावं लागे, आणि तेवढा दम त्यांना कधीच नव्हता. पण माणसं त्यांना उभ्या उभ्या वाचता येत. समोरचा माणूस तीस वर्षं या घरात राबत होता. घाम खरा होता. पण घाम चोरालाही येतो.

"मुख्यमंत्री काय म्हणतो?"

"त्यांचा निरोप आहे, की पत्र अजून टेबलावरच ठेवलंय. खोटं असेल तर साहेबांनी चारच्या आत स्वतः येऊन तसं सांगावं, ते समोर फाडून टाकतील. चार वाजले की मंजूर. जागेवर बसायला दुसरे तयारच आहेत."

तयार असणारच. एका खुर्चीसाठी अकरा जण देव पाण्यात घालून बसले होते, आणि त्यातल्या नऊ जणांना मोठ्या बाईंनी स्वतःच्या हातानं वाढलं होतं.

त्या तडक जेवणघरात गेल्या. त्यांचा बावन्न वर्षांचा मुलगा, ज्याला सगळा प्रांत साहेब म्हणे आणि त्या एकट्या बाळ म्हणत, पावाला लोणी लावत बसला होता. अगदी कडेपर्यंत, चारी बाजूंनी सारखं.

"बाळ, ऐकलंस?"

"ऐकलं."

"कुणीतरी तुझ्या नावानं कागद खपवलाय. तू काही राजीनामा दिलेला नाहीस."

"हो, आई."

"असा बसून काय राहिलास? उठ, जा, सांग त्याला!"

"तू म्हणशील तेव्हा जातो."

"पण आधी चोर हातात पाहिजे. रिकाम्या हातानं गेलास तर म्हणतील, आधी दिला आणि मग भ्याला. चारच्या आत मी माणूस उभा करते तुझ्यासमोर."

"हो, आई," तो म्हणाला, आणि पाव खाल्ला.

मोठ्या बाईंचं डोकं तडकलं. याचा बाप असता तर एव्हाना दोन खुर्च्या फेकून झाल्या असत्या. पण याचं रक्तच तापायचं नाही. त्या वळल्या आणि आपल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाकडे चालू लागल्या, कारण सही खरी असेल तर ती कुठून आली असेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सही केलेले कोरे कागद त्या कपाटात होते, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला.

२

ही कोऱ्या कागदांची गोष्ट थोडी मागून सांगायला हवी.

बाळ मुळात गुरांचा डॉक्टर. तीन वर्षं त्यानं गावोगाव फिरून गाई-म्हशी सोडवल्या. खांद्यापर्यंत हात घालून वासरू बाहेर काढावं ते त्यानंच. मग आमदार असलेले वडील अचानक गेले. पंधराव्या दिवशी मोठ्या बाईंनी त्याच्या हातातली चामडी पिशवी काढून घेतली आणि वडिलांचं शाईचं पेन खिशाला लावलं. "बापाची जागा आहे. दुसऱ्यानं बसलेलं मला बघवणार नाही," एवढंच त्या म्हणाल्या. तो हो म्हणाला. निवडून आला. पुढे पक्षाचं जिल्ह्याचं काम, मग राज्यमंत्रिपद, आणि आता सहा वर्षं पूर्ण मंत्रिपद. पायरी चढला तो, पण प्रत्येक पायरीला मागून ढकललं ते मोठ्या बाईंनी.

त्याच्यात एकच खोट होती. त्याला नाही म्हणता यायचं नाही. दारात आलेल्या प्रत्येकाला तो शिफारसपत्र द्यायचा. नोकरीला पत्र, बदलीला पत्र, इस्पितळातल्या खाटेला पत्र. अधिकारी वैतागले. शेवटी मोठ्या बाईंनीच तोड काढली. येईल त्याला पत्र द्यायचं. बॉलपेननं सही, सहीखाली एक रेघ. ज्याचं काम खरोखर व्हायला हवं, त्याच्या पत्रावर बाळनं वडिलांच्या पेननं खाली दुसरी रेघ ओढायची. अधिकाऱ्यांना कानात सांगून ठेवलं होतं. एक रेघ असेल तर पत्र फायलीला लावा आणि विसरा. दोन असतील तर आज करा. माणूस हात जोडत घरी जायचा, आणि काम न झालंच तर नशिबाला बोल लावायचा.

कुणाला दोन रेघा आणि कुणाला एक, हे सकाळच्या चहावर मोठ्या बाई ठरवत.

ते पेनही ओळखीचं होतं. वडिलांच्या हातून एकदा फरशीवर पडलं, तेव्हा निबेचा एक दात वाकला. हलक्या हातानं लिहिलं तर काही दिसत नसे. जोर दिला की रेघेच्या शेवटी शाई दुभंगायची, सापाच्या जिभेसारखी. दुरुस्त करायला बाळनं कधी दिलं नाही. पेन त्याच्या खिशातून दुसऱ्याच्या हातात कधी गेलं नाही.

आता स्वीय सहायक कपाटासमोर उभा होता आणि मोठ्या बाई गठ्ठा चाळत होत्या. गठ्ठा संपला की बाळ शंभर कोऱ्या कागदांवर बॉलपेननं सही करून एकेक रेघ मारी, आणि प्रत्येकाच्या पाठीवर, कोपऱ्यात, मोठ्या बाई पेन्सिलीनं बारीक आकडा घालत. अक्षर भरभर येत नसलं तरी आकडा येत होता.

"टपाल कुणी बांधलं काल?"

"मीच. तीन पाकिटं होती, बाई. शप्पथ घेतो. मी दोरी बांधून ड्रायव्हरच्या हातात दिली तेव्हा तीनच होती."

"आणि तिकडे चार पोचली. चौथ्याला रस्त्यात पाय फुटले का?"

"मी तरी काय सांगू!" त्यानं डोळे पुसले. "साहेब गेले तर मी कुठं जाणार? नवा मंत्री स्वतःचा माणूस आणतो. मला लेखा विभागात कोपऱ्यात बसवतील, निवृत्तीपर्यंत!"

हे मात्र खरं होतं. साहेब पडले तर पहिला जमिनीवर येणार तो हाच.

"परवापासून घरात कोण कोण आलं? आठवून सांगा. जीभ लाकडाची झाल्यासारखं करू नका."

"नेहमीचेच लोक. कंत्राटदार, मुख्याध्यापक... हां, ती शिवणकाम करणारी बाई आली होती. नवऱ्याला इस्पितळात खाट पाहिजे म्हणून महिन्यापूर्वी पत्र नेलं होतं, ती. साहेबांना भेटून गेली. साहेब एकटेच होते तेव्हा."

"आता काय हवं होतं तिला?"

"काही मागितलं नाही. म्हणाली, पत्र परत द्यायचंय."

मोठ्या बाईंनी ऐकून सोडून दिलं. त्यांची बोटं कागदांच्या कोपऱ्यांवरून धावत होती. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.

बेचाळीस.

एक्केचाळीसावा कागद गठ्ठ्यात नव्हता.

३

कपाट त्यांच्या खोलीत. किल्ली दिवसा कमरेला, झोपताना उशीखाली. नजरेआड व्हायची ती फक्त अंघोळीच्या वेळी, आणि तेव्हा या मजल्यावर येणारी माणसं दोन. बाळची बायको, म्हणजे सूनबाई, आणि धाकटा मुलगा.

सूनबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. समोर खोकं, बाजूला वर्तमानपत्रांची चळत, आणि ती एकेक बशी कागदात गुंडाळून खोक्यात ठेवत होती.

मोठ्या बाई दारातच थांबल्या. "वा! बंगला सोडायची तयारीसुद्धा झाली? चार वाजायचेत अजून."

"आवरते आहे, आई. कपाटं भरलीत नुसती."

"बरोबर आजच आवरायचं सुचलं."

"कालच सुरू केलं." सूनबाईनं मान वर केली नाही. "वर्तमानपत्रंच कमी पडतील असं वाटतंय. कपांना पुरणार नाहीत."

"काल! म्हणजे बातमी फुटायच्या आधी! तुला स्वप्न पडलं होतं का? दहा वेळा तूच म्हणाली आहेस, सोडा हे मंत्रिपद म्हणून. माझ्या तोंडावर म्हणाली आहेस."

"अकरा वेळा. आणि तुमच्या तोंडावरच म्हणाले, पाठीमागे नाही." आता तिनं वर पाहिलं. "मला करायचं असतं तर मी सरळ केलं असतं, आई. कागद चोरायला मला तुमची किल्ली लागती आणि लिहायला टाइपरायटर लागता. टाइपरायटर मला चालवता येत नाही. तुमची किल्ली तर या घरात कुणाच्याच हाती लागत नाही."

"जीभ बघा!"

"तुमच्याकडूनच शिकले."

हे इतकं खरं होतं, की मोठ्या बाईंना क्षणभर रागाऐवजी अभिमान वाटला आणि त्याचा आणखी राग आला.

"मग काल भांडी बांधायला तुला सांगितलं कुणी?"

सूनबाईनं पुढची बशी उचलली. ती गुंडाळली, नीट, कोपरे आत मोडून. "तुम्ही त्यांनाच एकदा विचारा ना."

"त्याला काय विचारायचं? तो हो म्हणतो सगळ्याला."

"तेच तर," सूनबाई म्हणाली आणि त्यानंतर मिठाची गुळणी धरून बसली. मोठ्या बाईंनी तिथं दहा मिनिटं घालवली, आवाज चढवला, उतरवला, शेवटी समोरच्या खोक्याला पाय मारला. आत बशा नुसत्या खुळखुळल्या. सूनबाई ढिम्म हलली नाही.

घड्याळात साडेअकरा झाले होते. गुडघा ठणकत होता. आणि एका घरातल्या माणसांकडून सरळ उत्तर मिळवण्यापेक्षा निवडणूक जिंकणं सोपं, असं मोठ्या बाईंना त्या जिना चढताना पहिल्यांदा वाटलं.

वरून धाकट्याचा आवाज येत होता. दबका, घाईघाईचा. तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अरे, जाळून टाक ते पत्र! आत्ताच्या आत्ता!"

४

"काय जाळायचंय?"

धाकट्याच्या हातून फोन गादीवर पडला. चाळिशी उलटलेला माणूस, पण आईला बघून त्याचा चेहरा शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखा झाला.

"काही नाही गं. मित्र आहे."

"एक्केचाळीस," मोठ्या बाई म्हणाल्या.

"काय एक्केचाळीस?"

"तुझ्या चोरीचा आकडा. बोल. मी अंघोळीला गेले होते, किल्ली खिडकीत होती, आणि तू कपाट उघडलंस. कुणासाठी? कुणी किती दिवस तुझ्या डोक्यात घातलं, की भाऊ पडला तर तू उभा राहशील?"

"मी? उभा?" धाकटा खरोखरच दचकला. "आई, मला सकाळी नऊच्या आत उठवत नाही! मी कसला मंत्री होतोय!"

हे मात्र मोठ्या बाईंना पटलं.

"मग कागद?"

"घेतला एक." तो पलंगाच्या कडेवर बसला. "माझ्या मित्राला पोहण्याच्या क्लबात घेत नव्हते. म्हटलं, दादाचं पत्र लावू. स्वतः टाइप केलं मी, दोन बोटांनी. पंधरा दिवस झाले. आणि आई, काही उपयोग नाही दादाच्या पत्राचा! क्लबाच्या सेक्रेटरीनं बघितलं, हसला, म्हणाला विचार करू, आणि फायलीला लावलं. मंत्र्याचं पत्र आहे, म्हटलं! तर म्हणतो, हो, दिसतंय ना."

"हसला?"

"तोंडावर! दादाला काही किंमतच नाही लोकांत. तुला सांगायचं म्हणजे..."

"गप्प बस." मोठ्या बाई खुर्चीत टेकल्या. हा गाढव खरं बोलत होता. दोन रेघांचं गुपित त्याला माहीत नव्हतं. मोठ्या बाईंनीच त्याला सांगू दिलं नव्हतं, कारण याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. एक्केचाळीसावा कागद पोहण्याच्या क्लबात पडला होता.

आणि गठ्ठ्यात बाकीचे सगळे आकडे जागच्या जागी होते. म्हणजे राजीनाम्याचा कागद गठ्ठ्यातला नव्हताच.

मग सही आली कुठून?

खाली येऊन त्यांनी स्वीय सहायकाकडून फोटो मागवला. मोबाईलवर बोटभर चित्र. वर लेटरहेड, मधे मुंग्यांसारखी अक्षरं, खाली सही. सहीच्या खालचा भाग कुणीतरी कापलेला.

"रेघ कुठाय?"

"फोटो एवढाच फिरतोय, बाई."

"एवढाच, एवढाच! सकाळपासून प्रत्येक जण मला अर्धंच दाखवतोय!" त्या ओरडल्या. "गाडी काढायला सांगा. मीच जाते मुख्यमंत्र्याकडे. मला तो कागद हातात हवाय."

५

रस्ता खोदलेला होता. बांधकाम खात्यानंच खोदलेला. मोठ्या बाईंची गाडी आपल्याच मुलाच्या खड्ड्यापुढे अर्धा तास उभी राहिली आणि त्यांनी त्या अर्ध्या तासात ठेकेदाराच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग करायला काही उरलं नाही, तेव्हा त्या ड्रायव्हरकडे वळल्या.

"काल टपाल तूच नेलंस ना? मधे कुठं थांबलास? चहाला? विडीला?"

"कुठंही नाही, बाई. बंगल्यातून निघालो तो सरळ."

"दोरी कुणी सोडली मग?"

"दोरी?" ड्रायव्हर आरशातून त्यांच्याकडे बघू लागला. "निघायच्या आधी साहेब आले होते खाली. म्हणाले, जरा बाहेर थांब. पाचेक मिनिटं एकटेच गाडीत बसले. टपाल सीटवरच होतं."

मोठ्या बाई सीटवर ताठ झाल्या. ड्रायव्हरला वाटलं, चुकलं काहीतरी, म्हणून तो सावरायला गेला आणि आणखी बोलला.

"बरं वाटत नसेल साहेबांना. परवा त्या शिवणवाल्या बाईला घरी सोडायला मला सांगितलं, आणि स्वतःही बसले. तिच्या दाराशी गाडी थांबवून आत गेले. नंतर गॅरेजच्या माळ्यावरून जुनी चामडी पिशवी काढायला लावली. धूळ मीच झटकली."

"कसली पिशवी?"

"डॉक्टरकीची म्हणाले."

खड्डा ओलांडून गाडी पुढे निघाली. मोठ्या बाईंनी खिडकीची काच वर केली, खाली केली, पुन्हा वर केली.

मुख्यमंत्र्यांनी त्यांना दारापर्यंत येऊन आत नेलं. ऐन उमेदवारीच्या काळात हा माणूस त्यांच्या ओट्यावर झोपला होता. अजूनही त्यांना काकू म्हणे.

"काकू, तुम्ही कशाला त्रास घेतला? त्यालाच पाठवायचं. खोटंय ना पत्र? मला माहितीच होतं. तो असं काही करायचाच नाही. त्याच्यात तेवढी..." तो थांबला.

"तेवढी काय?"

"काही नाही. हे बघा."

कागद टेबलावर होता. मोठ्या बाईंनी मजकूर वाचलाच नाही. आधी तो उलटा केला. पाठीवर, कोपऱ्यात, पेन्सिलीचा आकडा नव्हता. मग सुलटा करून खिडकीपाशी नेला.

सही बॉलपेनची नव्हती. शाईची होती, जाड, सावकाश केलेली. खाली एक रेघ होती. तिच्याखाली दुसरी होती. दोन्ही इतक्या दाबून ओढल्या होत्या, की कागद मागून उचलला गेला होता, आणि दोन्हींच्या शेवटी शाई दुभंगली होती.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रेघा तशाच होत्या.

"खोटंय ना, काकू?" मुख्यमंत्र्यांनी विचारलं.

"चारपर्यंत सांगते," त्या म्हणाल्या. "चार म्हणालास ना? मग चारच्या आत मला विचारू नकोस."

६

बाळ मागच्या अंगणात पायरीवर बसला होता. पहारेकऱ्याचं कुत्रं त्याच्या मांडीवर आडवं पडलं होतं, आणि तो चिमट्यानं त्याच्या पंज्यातून काच काढत होता. शेजारी ती पिशवी उघडी होती. कुत्रं थरथरत होतं, पण हलत नव्हतं.

साडेतीन वाजून गेले होते.

"पेन दे," मोठ्या बाई म्हणाल्या.

त्यानं मोकळ्या हातानं खिशातलं पेन काढून दिलं. त्यांनी टोपण उघडून निब बघितली, जशी काही ती आजच वाकली होती.

"सकाळी माझ्याशी खोटं बोललास."

"मी कुठं बोललो, आई? तू म्हणालीस मी राजीनामा दिला नाही. मी हो म्हणालो."

"म्हणजे खोटंच ना!"

"तू विचारलं नव्हतंस. सांगितलं होतंस."

"आख्खा दिवस मला नाचवलंस! पीएला रडवलं मी, बायकोवर तुझ्या ओरडले, त्या गाढवाची चोरी पकडली, खड्ड्यात बसले! तोंडानं सांगता येत नव्हतं?"

"नव्हतं," तो म्हणाला. "तुझ्यासमोर नाही येत. म्हणून लिहून दिलं."

मोठ्या बाई पायरीवर बसल्या. गुडघा कडकन वाजला. "ती शिवणवाली. तिनं काय केलं तुला?"

बाळनं खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यांच्याच लेटरहेडचा, चार घड्यांवर मळलेला.

"हे परत द्यायला आली होती. म्हणाली, साहेब, तुम्ही उभ्या उभ्या पत्र दिलंत, तुमचे उपकार विसरणार नाही. आमचंच नशीब, खाट काही रिकामी झाली नाही. नवरा घरीच वारला. पत्र कशाला परत, विचारलं मी, तर म्हणते, चांगला कागद आहे, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल." त्यानं काच काढून पायरीवर ठेवली. "इस्पितळात जाऊन विचारलं मी. त्या आठवड्यात सहा खाटा रिकाम्या होत्या."

मोठ्या बाईंनी कागद उघडला. बॉलपेनची सही. एक रेघ. उलटा केला. कोपऱ्यात पेन्सिलीचा आकडा होता, त्यांच्याच हातचा, तेवीस. तीनचं पोट त्या नेहमी जरा मोठं काढत.

त्यांना ती सकाळ आठवली. लोकांची नावं वाचून दाखवली जात होती आणि त्या चहा पीत होत्या.

"त्यांच्या दारावर दुसऱ्या पक्षाचा झेंडा होता," त्या म्हणाल्या. "गेल्या निवडणुकीत. मी स्वतः पाहिला होता."

"हो, आई."

"मग? सगळ्यांची कामं करत बसलं असतं तर तू मंत्री झाला असतास?"

"नसतो झालो."

तो भांडला असता तर त्यांना सोपं गेलं असतं. तो भांडत नव्हता. कुत्र्याच्या पंज्याला औषध लावत होता, आणि त्याचा हात, मोठ्या बाईंनी पाहिलं, अजिबात अडखळत नव्हता. फायलीवर सही करताना हाच हात दहादा थांबायचा.

चारला दहा कमी होते. अजून वेळ होता. गाडी दारात होती, खड्डा चुकवायचा दुसरा रस्ता ड्रायव्हरनं येताना शोधून ठेवला होता, आणि दारातून फोन जरी केला तरी मुख्यमंत्री पाच मिनिटं थांबला असता. सत्तावीस वर्षांचं काम होतं ते. याचं एकट्याचं नव्हतं.

"उठ," त्या म्हणाल्या. "हात धू. जाऊन सांग पत्र खोटं आहे. त्या बाईसाठी आपण काय ते बघू मागाहून."

"हो, आई."

तो खरोखर उठला. कुत्र्याला खाली ठेवलं, चिमटा पुसून पिशवीत घातला, आणि नळाकडे निघाला. एवढंच. पंधराव्या दिवशी पिशवी काढून घेतली होती तेव्हाही असाच उठला होता, असाच हो म्हणाला होता. मोठ्या बाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या.

"बाळ."

तो थांबला.

"हा हो कितीचा? एका रेघेचा का दोन?"

नळ थेंब थेंब गळत होता. त्यानं तो आवळून बंद केला.

"एका," तो म्हणाला.

आतून स्वीय सहायक धावत आला. फोन त्यानं दोन्ही हातांत धरला होता, जसं काही सांडेल. "बाई, मुख्यमंत्री! म्हणतात साहेब निघाले का? मी काय सांगू?"

मोठ्या बाईंनी फोन घेतला. तो कानाला लावताना नेहमीसारखा उलटा लागला, तो त्यांनी चडफडत सुलटा केला.

"काकू? चार वाजतायत. फाडू ना पत्र?"

"दोन रेघा दिसल्या का तुला त्यावर?"

पलीकडे कागद सळसळला. "दिसल्या."

"त्याचा अर्थ तुला माहितीये. तुझ्या खात्यालाही तशीच पत्रं येतात आमची."

"माहितीये, काकू."

"मग आज करायचं," त्या म्हणाल्या आणि फोन सहायकाच्या हातात कोंबला. "असे बघत काय उभे राहिलात? मेलंय का कुणी?" त्यांच्या हातातला शिवणवालीचा कागद चुरगळला होता. तो त्यांनी मांडीवर ठेवून तळव्यानं सरळ केला.

मग त्या आपल्या खोलीत गेल्या. कपाट उघडलं, गठ्ठा उचलला आणि स्वयंपाकघरात येऊन सूनबाईच्या पुढ्यात टाकला. वर्तमानपत्रं संपली होती. कप तसेच उघडे रांगेनं उभे होते.

"घे."

सूनबाईनं वरचा कागद उचलून पाहिला. "आई, यांवर त्यांच्या सह्या आहेत."

"एकेक रेघ आहे सगळ्यांवर. कप गुंडाळायला पुरे."

सूनबाईनं कागद खाली ठेवला. मग ती सरकली आणि बाजूला जागा केली. मोठ्या बाई कण्हत खाली बसल्या, गुडघ्याला दोन शिव्या घातल्या आणि पहिला कप ओढला. त्यांना नीट गुंडाळता येत नव्हतं. कोपरे बाहेर राहत होते.

"तोही द्या इकडे," त्यांच्या मुठीतल्या मळक्या कागदाकडे हात करून सूनबाई म्हणाली.

"हा नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.